मदत हवी आहे: आईची अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा मराठीतून

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची आहे, ग्रीन कार्डाला पंधराहून जास्त वर्षं झाली. त्यामुळे इंग्रजीच्या चाचणीतून सूट आहे आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीतून देता येतील. अर्ज २० ऑक्टोबर २०२५ नंतर भरल्याने नवी परीक्षा लागू: १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० विचारणार, १२ बरोबर यायला हवेत.

१७७६ (स्वातंत्र्याची घोषणा), १७८७ (राज्यघटना) ही सालं तिची तोंडपाठ. अडतं ते सिनेटपाशी, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहापाशी. तिच्या डोक्यात राज्यसभा पक्की बसली आहे, जिथे महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १ खासदार. मग कॅलिफोर्नियाचे दोन सिनेटर आणि विरळ वस्तीच्या वायोमिंगचेही दोनच, हे तिला साफ अन्यायाचं वाटतं. (मलाही वाटतं, पण ते मुलाखतीत बोलायचं नाही!) लहान राज्यांना सांभाळून घेण्यासाठी १७८७ मध्ये झालेली तडजोड मी सांगितली, लोकसंख्येचा हिशोब प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांत होतो हेही सांगितलं. तरी अध्यक्षाच्या निवडणुकीतली ५३८ ‘इलेक्टोरल’ मतं (राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची) आली की पुन्हा गोंधळ.

कुणाच्या आईवडिलांनी मराठीतून मुलाखत दिली आहे का? दुभाषी घरचाच चालला की बाहेरचा न्यावा लागला? उत्तरं यादीतल्या शब्दांत हवीत की अर्थ बरोबर असला तर चालतो? आणि मराठीत नीट समजावून सांगणारे व्हिडिओ असतील तर सुचवा. नुसती घोकंपट्टी ती करणार नाही, प्रत्येक उत्तराला ‘का?’ विचारते.