सेफ्टी बिघडलेली जुनी रायफल: खरादावर भाग करून घ्यावा की नाही?

तुरीचा_जागल्या (किनवट)
वडिलांची .315 रायफल आहे, 1986 सालची, बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली. पीकसंरक्षणासाठी घेतलेली. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर 2016च्या शस्त्र नियमांतल्या वारसाच्या तरतुदीनं माझ्या नावावर झाली. आता तिची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका, थांबत नाही. खटका मागं ओढून ठेवला तर दहा पावलं चालेस्तोवर आपोआप पुढं येतो. परवा जागलीच्या माळ्यावरून उतरताना अंगठा सहज तिकडं गेला, तर खटका पुढं आणि नळीत काडतूस. बायकोला अजून सांगितलं नाही.

दोन दुकानं पालथी घातली. एकानं "हे कशाला, नवीनच घ्या" म्हणून किमतीचा कागद पुढं केला. दुसरा "कानपूरहून मागवतो" म्हणाला, त्याला पाच महिने झाले. आमच्या फाट्यावर एक खरादवाला आहे. पंपाचा शाफ्ट असो की मळणीयंत्राचं बुश, हुबेहूब काढतो. म्हणाला नमुना द्या, दोन दिवसांत करून देतो. माझं मत, द्यावा. पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्टरचं आपण दुसरं काय करतो?

कोर्टाची_पायरी (नांदेड)
करू नका. शस्त्र कायदा 1959, कलम 5. बंदूक बनवायला जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करायलाही लागतो. आणि कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागसुद्धा बंदुकीतच येतात. 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला कमीत कमी सात वर्षं आहेत, कलम 25. तुम्ही म्हणाल मी परवानाधारक. बरोबर, पण खरादवाला नाही ना! तुमचं काम दोन दिवसांचं, त्याची सात वर्षं.

तुरीचा_जागल्या
कलम मान्य. पण मग मी जायचं कुठं? परवाना देणाऱ्यानं बंदूक दिली, फी घेतली, दर नूतनीकरणाला नंबर जुळवून बघितला. सेफ्टी लागते का, हे इतक्या वर्षांत एकानं तपासलेलं नाही. 2024ला लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा रायफल ठाण्यात जमा होती. परत आली तेव्हा बोल्टावर गंज. अमेरिकेत रेमिंग्टन 700 या रायफलीवर खटले झाले, तक्रार हीच की सेफ्टी काढली की चाप न ओढता गोळी सुटते. कंपनीनं आरोप नाकारले, पण तडजोडीत चापाची यंत्रणा बदलून द्यायला तयार झाली. तिथं निदान बदलून देणारं कुणीतरी होतं. आपल्याकडं 2021ला आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, आणि मी इथं एका पोलादाच्या तुकड्यासाठी बसलोय.

बाभूळबन (औसा)
तुमचं सगळंच अवघड. सेफ्टी पाहिजे कशाला? आमचे आजोबा ठासणीची घेऊन जागलीला जायचे, तिला कुठली आली सेफ्टी? नळी रिकामी ठेवायची, डुक्कर दिसलं की बोल्ट मारून काडतूस नळीत घ्यायचं. मी पंधरा वर्षं झाले तसंच करूलालो.

तुरीचा_जागल्या
भाऊ, त्या बोल्टाच्या आवाजानं डुक्कर तेलंगणात पोचतं.

पिठाची_गिरणी (जिंतूर)
बाभूळबन दादा, "नळी रिकामीच आहे" असं माझे सासरेही रोज म्हणायचे. एका पहाटे रायफल गोठ्याच्या मेढीला टेकवलेली, म्हशीनं धक्का दिला, रायफल दस्त्यावर आपटली आणि गोळी पत्र्यातून वर गेली. धार काढायला मीच बसले होते. त्या भोकातून अजून पावसाळ्यात पाणी ठिबकतं, खाली टोपलं ठेवतो. डांबर लावू म्हटलं तर सासरे लावू देत नाहीत. जागल्या भाऊ, भाग मिळो न मिळो, आधी घरात सांगा.

बाभूळबन
ताई, तुमचं खरं आहे. पण चूक माणसाची होती, सेफ्टीची नाही. सेफ्टीच्या भरवशावर राहणारा माणूसच नळीत गोळी ठेवून फिरतो. माझं मत तेच.

निवृत्त_आरमोरर (हिंगोली)
राखीव पोलिसात हत्यारं सांभाळण्यात उमर गेली, म्हणून बोलतो. सगळे भाग शोधायला निघालात, पण मोडलंय काय हे कुणीच विचारलं नाही.

ही .315 म्हणजे आतून ब्रिटिशांची ली-एनफिल्ड रायफलच, आमच्या जुन्या .303ची बहीण. सेफ्टी डाव्या हाताला, मागच्या टोकाला. तिथं दोन तुकडे असतात, बाहेरचा खटका आणि त्याच्या आत जाणारा लॉकिंग बोल्ट. दोन्ही एकमेकांत आट्यांनी बसतात आणि त्या आट्यांना सुरुवाती अनेक आहेत. एक सुरुवात चुकवून बसवलं तरी खटका फिरतो, दिसायला सगळं ठीक, पण आतली पकड जागेवर येत नाही. साफसफाईला उघडून परत बसवताना पोरं नेमकी इथं चुकायची. या दोघांना दाबून धरायला वरून एक पातळ पट्टीची स्प्रिंग असते, एका स्क्रूवर. ती मेली किंवा स्क्रू सैल झाला की खटका ढिला पडतो आणि चालता चालता सरकतो. जागल्या, तुमचं वर्णन मला या पट्टीचं वाटतं. तसं असेल तर सेफ्टीचा भाग शोधायचीच गरज नाही.

कॉकिंग पीसची, म्हणजे चाप ज्याला अडवून धरतो त्या बोल्टामागच्या तुकड्याची, खाच झिजली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं खरादावरचा भाग मुळीच चालणार नाही. आकार तो हुबेहूब काढेल हो, त्याच्या हाताबद्दल शंका नाही. पण पोलादाला पाणी किती द्यायचं, म्हणजे ते किती कडक करायचं? कमी पडलं तर शंभर वेळा खटका फिरवल्यावर कड गोल होते, जास्त झालं तर तुकडा उडतो. पंपाचं बुश झिजलं की कुरकुरतं, हे आधी काही सांगत नाही.

परदेशी संकेतस्थळांवर या घराण्याचे सुटे भाग ढिगानं दिसतात. मागवू नका, आयातीलाही परवाना लागतो. शिवाय नुसता भाग येऊन भागत नाही, तो त्या रायफलीला घासून बसवावा लागतो. दुरुस्तीचा परवाना असलेल्या मिस्त्रीकडं अख्खी रायफल न्या. आणि तोवर जागलीला नेऊ नका.

काळी_कसदार (परभणी)
मी वेगळंच म्हणतो. जमाच करून टाका. बंदुकीचा परवाना वेगळा, डुक्कर मारायची वन विभागाची परवानगी वेगळी. इतकं करून वर्षात किती गोळ्या उडतात? कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन बसवा, सौर पॅनलवर चालतं.

तुरीचा_जागल्या
झटका मशीन होतं. बॅटरी चोरीला गेली, तार वानरांनी लोंबवली. रोही (नीलगाय) तर तारेवरून उडी मारून हरभऱ्यात उतरतो. आणि गोळी उडत नाही हे खरंय, वर्षात दोन-तीन, त्याही हवेत. पण वडील माळ्यावर बसले की शेजारचे चार वावरवाले निवांत झोपतात. जमा करा म्हणणं सोपं आहे.

आरमोरर काका, टॉर्च लावून बघितलं. पट्टीच्या स्क्रूची खाच पार चेचलेली आहे, कुणीतरी चुकीच्या पेचकसानं उघडलाय. वडिलांना विचारलं तर म्हणे, "तूच, बारावीच्या सुट्टीत." मला काही आठवत नाही.

निवृत्त_आरमोरर
मग आट्याही तेव्हाच चुकल्या असतील. तुम्ही परत उघडू नका.

कोर्टाची_पायरी
आणि खरादवाल्याला नमुना दिला असेल तर आजच परत आणा.

तुरीचा_जागल्या
दिला नव्हता. तो नाराज झालाय, म्हणाला माझ्यावर भरवसा नाही का. सोमवारी नांदेडला परवान्यावरच्या मिस्त्रीकडं निघालोय. घरात सांगितलं. ती काही बोलली नाही, काडतुसांचा डबा उचलून तिच्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

पिठाची_गिरणी
सोमवारीही डबा तिथंच राहू द्या. रायफल न्या, परवाना न्या.