पेट्रोल स्विफ्टला अर्टिगाच्या मागच्या स्प्रिंगा चालतील का?

वाळव्याचा_पेट्रोलवाला
नमस्कार मंडळी. २०१३ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, ९२ हजार किलोमीटर. महिन्यातून दोनदा आई-आण्णांना पुण्याहून गावी नेतो. परतताना डिकीत तांदूळ, गूळ असतोच. कारखान्याच्या फाट्यावरचा गतिरोधक आला की सायलेन्सरचं डबडं घासतं आणि आण्णा "थांब, उतरतो" म्हणून दार उघडतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला ते बघवत नाही.
कराडला एका स्क्रॅपवाल्याकडे अर्टिगाच्या मागच्या स्प्रिंगांची जोडी १,८०० रुपयांना आहे, आणि पुढे घालायला डिझेल स्विफ्टच्या पुढच्या स्प्रिंगाही आहेत. "प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा एकच, डोळे झाकून बसतात," म्हणाला. कोणी केलंय का?

घाटरस्ता_७७
एवढा खर्च कशाला? स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी पॅकिंग घाला. माझ्या गाडीत दोन वर्षं आहे.

उद्यमनगरचा_फिटर
दादा, घाई करू नका. मी कोल्हापुरात उद्यमनगरात २७ वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय. ही अदलाबदल मी स्वतःच्या हाताने केलीय आणि परत उतरवलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

गिऱ्हाईक स्प्रिंगची उंची बघतं. बघायची असते ती तारेची जाडी. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ची केली, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते, कारण हिशोबात जाडीचा चौथा घात येतो. अर्टिगाची मागची स्प्रिंग सात माणसांच्या वजनाला केलेली. तुमच्या गाडीत एरवी तुम्ही एकटे. मग मागची बाजू दबतच नाही, शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारा दांडा) जवळपास पूर्ण ताणलेला राहतो आणि गतिरोधकावरून चाक खाली सुटलं की 'ठक्' वाजतं. शॉकअप शेवटाला जाऊन आपटल्याचा तो आवाज. रोज असं झालं तर नवा शॉकअपही टिकत नाही.

आता पुढचं. २०१५ साली एका शिक्षकांच्या पेट्रोल स्विफ्टला मी डिझेलच्या स्प्रिंगा घातल्या. डिझेल गाडी शंभरेक किलोंनी जड, आणि ते वजन बहुतेक पुढच्याच चाकांवर. साहजिकच नाक दोन बोटं वर आलं, गुरुजी खूश होऊन गेले. दोन महिन्यांनी परत आले. खड्ड्यातून निघाल्यावर गाडी एका दमात स्थिर होत नव्हती, तीन-तीनदा डुलत होती. स्प्रिंग कडक, पण तिला आवरणारा शॉकअप जुना, पेट्रोलचाच. उंची वाढल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोनही हलला होता. टायरवरून हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीच्या दात्यांसारखा लागायचा. मूळ स्प्रिंगा चढवून दिल्या आणि मजुरी परत केली. चूक माझी होती.

पॅकिंगबद्दल: ज्या वेढ्यात रबर अडकवता, तो वेढा कामातून जातो. सहा वेढ्यांतला एक बंद झाला की स्प्रिंग २० टक्के कडक. दणका वाढतो, थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते.

म्हणून आधी मोजा. सपाट जागा, रिकामी गाडी, चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून नको, त्यात टायर येतो. चारही आकडे टाका, आणि टायरवर छापलेला साइजही.

कलम_५२
एक लक्षात असू द्या. कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसंच सांगितलंय. दंड बदलामागे ५,००० रुपये.

वाळव्याचा_पेट्रोलवाला
काका, आकडे सेंटिमीटरमध्ये. पुढे ३७.१ आणि ३७. मागे उजवीकडे ३६.४, डावीकडे ३५.२. आण्णा कायम डावीकडे बसतात. टायर १८५/६५ आर १४, मागच्या वर्षी दुकानदार म्हणाला रुंद घ्या, ग्रिप मिळेल.

उद्यमनगरचा_फिटर
निम्मं दुखणं टायरात निघालं बघा. या मॉडेलच्या व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ येतो, व्यास ६२० मिलिमीटर. तुमचा टायर रुंद, पण व्यास ५९६. म्हणजे गाडी १२ मिलिमीटर खाली बसली. स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा चार टक्के जास्त दाखवत असणार.

उरलेलं निम्मं स्प्रिंगेत. मागची डावी बसलीय. जोडीने बदला, नव्या, पेट्रोल स्विफ्टच्याच. जुन्या काढल्यावर खालची रबराची वाटी चिरलीय का बघा. नवी बसवताना स्प्रिंगचं शेपूट वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे, अर्धा इंचही मागे-पुढे नको. शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायला लावा. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळला, तर बुशाचं, म्हणजे त्या सांध्यातल्या नळीचं, रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. मी समोर उभा राहून करून घेतो. तुम्हीही उभे राहा.

वाळव्याचा_पेट्रोलवाला
काम झालं. मागच्या स्प्रिंगा नव्या, वाट्या नव्या, चारही टायर १६५/८०. मागे आता दोन्हीकडे ३७.३. शनिवारी फाट्यावर आण्णांनी सवयीने दाराला हात घातला. म्हटलं, बसा. गाडी सरळच घेतली, आई-आण्णा आणि डिकीत तांदळाचं पोतं असताना. घासली नाही.
डावीकडे पुढून कच्च्या रस्त्यावर हळू चालवताना मात्र खडखड येते. ती आधीपासून आहे.

उद्यमनगरचा_फिटर
आण्णांना नमस्कार सांगा. खडखड बहुधा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकची, म्हणजे त्याला जोडणाऱ्या छोट्या सळीची. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी बंद करा, डाव्या चाकामागे हात घालून ती लिंक हलवून बघा. ढिली लागली तर तेवढीच बदला, शॉकअप बदलून बसू नका.