‘कोअर’ला काय म्हणायचं: गाभा, भरण की पोट?

अनुवादिका: फर्निचरकामावरची एक हस्तपुस्तिका मराठीत आणते आहे. एका प्रकरणात पुढून फुगीर असलेलं कपाटाचं दार आहे. वर व्हिनीअर, म्हणजे लाकडाचा अगदी पातळ थर, आत ‘कोअर’. मी सगळीकडे ‘गाभा’ लिहिलं होतं. तपासनिसांनी ते खोडून ‘भरण’ केलं. त्यांचं म्हणणं, गाभा निसर्गतः असतो, केळीला असतो. माणसानं आत घातलं की ते भरण. माझे बाबा सुतारकाम करायचे, ते ‘पोट’ म्हणायचे. “पोटाला काय घालायचं ते आधी ठरव, वरचा पापुद्रा मग बघू,” हे मी कितीदा ऐकलंय! तपासनीस म्हणतात, असा अर्थ कोशात नाही. तुमच्यापैकी कुणी ऐकलाय का?

रंधा: ताई, ‘पोट’ मीही ऐकलंय. पण ‘भरण’ मात्र घालू नका. रिकामी जागा भरली की भरण: उशीत कापूस, रस्त्यात मुरूम. इथे आतला थर जागा भरत नाही, बाक धरून ठेवतो. व्हिनीअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, त्याच्यात आकार धरायची ताकद कुठली? पातळ प्लायचे पदर सरस लावून फर्म्यावर, म्हणजे हव्या त्या बाकाच्या ठोकळ्यावर, दाबायचे, सरस पुरता वाळू द्यायचा. काढल्यावर ते थोडे उलगडतातच. पदर जितके पातळ आणि संख्येनं जास्त, तितकं उलगडणं कमी. वाचकाला ‘भरण’ वाचून वाटेल, काहीही कोंबलं तरी चालतं.

व्युत्पत्तिवेडा: तपासनिसांचा नियमच टिकत नाही. गाभा ‘गर्भ’वरून आला. गाभण ‘गर्भिणी’वरून, गाभारा ‘गर्भागार’वरून. आणि गाभारा तर माणसानंच बांधलेला असतो! शाळेच्या भूगोलात पृथ्वीचा गाभा, विज्ञानात विद्युतचुंबकाचा मऊ लोखंडाचा गाभा. मग दारालाच का नको?

शुद्धमती: ‘गाभा’ला माझा पाठिंबा. पण मग पॅनेल, व्हिनीअर, प्लाय हे तसेच का राहू द्यायचे? ताईंच्या बाबांनीच ‘पापुद्रा’ दिलाय. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘व्हिनीअर’ लिहायचं, हे मला खरंच लागतं.

रंधा: पापुद्रा सुटतो हो. भिंतीचा सुटतो, पोळीचा सुटतो. गिऱ्हाइकाला सांगून बघा, “दाराला पापुद्रा लावलाय.” व्हिनीअर कारागिराच्या तोंडी रुळलंय, ते मराठीच झालं.

शुद्धमती: रुळलं म्हणजे आपलं झालं, हे मला मान्य नाही. आपण वापरलं नाही म्हणून तर ‘पापुद्रा’ रुळला नाही.

पटाशी: मी ‘पोट’च्या बाजूचा, आणि त्याला कारण आहे. एकदा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, पत्र्याला मागून करवतीच्या खाचा मारल्या, बाक दिला आणि पुढून थेट व्हिनीअर चिकटवलं. पॉलिश झालं तेव्हा आरशासारखं होतं. महिन्याभरानं संध्याकाळचा तिरपा उजेड पडला आणि दारावर उभ्या पट्ट्या दिसल्या. बोटाला लागत नव्हत्या, डोळ्याला दिसत होत्या. प्रत्येक खाचेशी पत्रा वळण्याऐवजी किंचित मोडला होता. पोट पोकळ होतं! तेव्हापासून व्हिनीअरखाली एक आडवा पदर घालतो, आणि मागच्या बाजूलाही व्हिनीअर लावतो, नाहीतर पॅनेल एका अंगाला ओढतं.

रंधा: अनुभव अगदी खरा. पण तुमच्याच दारात ‘पोट’ घोटाळा करील. बाकदार वस्तूला पोट आणि पाठ असते ना? खोलगट बाजू ती पोट, फुगीर ती पाठ. “पोटाला खाचा मारा” असं लिहिलंत तर कारागीर आतली बाजू समजणार, आतला थर नव्हे.

अनुवादिका: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबा बहुधा सपाट दारंच करायचे. पुढे एक जुनी पद्धत दिलीय: लाकडाचे छोटे ठोकळे विटांसारखे सांधेमोड करून रचायचे, चिकटवायचे आणि मग रंध्यानं गोलाई काढायची. तिथे ‘गाभा’ बसतो. खाचा मारलेल्या पत्र्याला ‘गाभा’ म्हणताना अजून जीभ अडते. आणि रंधा, तुमचं ‘उलगडणं’ मी घेऊ का? तपासनिसांनी तिथे ‘प्रत्यावर्तन’ लिहिलंय.

व्युत्पत्तिवेडा: ‘उलगडणं’ म्हणजे घडी मोडणं. इथे घडी कुठेय? ‘परतणं’ बरं.

पटाशी: परतते ती भाजी. आम्ही ‘बाक सुटला’ म्हणतो.

रंधा: बाक सुटला म्हणजे काम गेलं! दोन-चार मिलिमीटर उलगडणं धरूनच फर्मा थोडा जास्त वळवलेला असतो. ते बिघडणं नव्हे.

शुद्धमती: आणि ‘फर्मा’ तरी कशाला? ‘साचा’ आहे की.