ह्यांचं पोस्टिंग भूतानला झालंय, पोरं घेऊन जाऊ की बेळगावातच राहू?

हिंडलग्याची_सून

नमस्कार सगळ्यांना. ह्यांचं मराठा लाइट इन्फंट्रीमधून इम्ट्रॅटला पोस्टिंग झालंय, म्हणजे भूतानच्या आर्मीला ट्रेनिंग देणारी आपली जी टीम हाय तिकडं. गावाचं नावच 'हा', पारोच्या पलीकडं डोंगरात. फॅमिली क्वार्टर मिळणार असं हे म्हणालेत. आजवर झाशी बघितली, अंबाला बघितलं, पण ते शेवटी आपल्याच देशात, कधी वाटलं तर पोरांना घेऊन रेल्वेत बसून गावाकडं यायचं. हे परदेश म्हटल्यावर पोटात गोळाच आलाय बगा.

मोठी तिसरीत हाय, मराठी शाळेत, धाकटा अंगणवाडीत. सासूबाईंचं एकच चाललंय, एवढ्या थंडीत पोरं आजारी पडतील, तू राहा इथंच, तो सुट्टीला येईलच की. माझी आई म्हणते नवऱ्यासोबत राहायला मिळतंय तर जा गप. मी मधल्यामधी. शाळेत दाखल्याचं विचारायला गेलो तर ऑफिसातले म्हणाले परदेशात चाललाय तर कसला दाखला द्यायचा आम्हालाच ठावं नाय, पुढच्या आठवड्यात या. पैसे कुठले चालतात, फोनचं काय, ज्वारीचं पीठ मिळतंय का, पोरीच्या शाळेचं काय, कुणी राहून आलं असेल तर जरा सांगा. हे तर "सगळं होतंय गं" एवढंच म्हणतात, आर्मीवाल्यांचं तेच असतंय.

खानापूरची_वहिनी

जावा. डोळे झाकून जावा. आम्ही 'हा' मध्येच राहून आलोय म्हणून सांगतो.

पैशाचं टेन्शन घेऊ नका, तिकडचा न्गुलत्रुम आणि आपला रुपया एकाला एक, दुकानात आपल्या नोटा घेतात, फक्त सुट्टे परत देताना न्गुलत्रुम हातात ठेवतात आणि ते इकडं आल्यावर जयगावच्या, म्हणजे बॉर्डरवरच्या आपल्या गावाच्या, पुढं कुणी घेत नाय, म्हणून सुट्टीवर निघायच्या आधी ते संपवून टाकायचे. २०२१ पासून यूपीआय पण सुरू झालंय तिकडं, पण प्रत्येक दुकानात चालेल असं धरू नका. फोनला लोकल सिम घ्या, आपलं सिम मात्र बंद पाडू नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, रोमिंग चालू करूनच बॉर्डरचं गेट ओलांडा. ह्या एका गोष्टीपायी किती बायका अडकून बसलेल्या बघितल्यात.

थंडी मात्र खरी हाय, तिथं सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. 'हा' म्हणजे साधारण २७०० मीटर उंच, डिसेंबर-जानेवारीत बर्फ पडतं, सकाळी नळात पाणी गोठलेलं. घरात बुखारी असते, म्हणजे खोली गरम करायची लाकडावरची शेगडी. धाकटा लहान हाय तर एकच सांगतो, बुखारी पेटवून सगळ्या खिडक्या घट्ट लावून झोपायचं नाय, बोटभर फट ठेवायचीच, धूर दिसत नसला तरी गॅस साठतो आणि माणूस झोपेतच जातो. पहिले दोन-तीन दिवस पोरांना पळू देऊ नका, दम लागतो, पाणी पाजत राहा. कुकर न्या चांगला मोठा, उंचावर पाणी लवकर उकळतं पण कमी तापतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाय.

माणसं चांगली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या भूतानी बाईनं वाटीभर एमा दात्शी पाठवली, म्हणजे चीजमध्ये मिरची. आपल्यासारखी भाजीत मिरची नाय, मिरचीचीच भाजी. आमचे मिस्टर खानापूरचे, तिखटाचा तोरा लई, दोन घासांत नाक गळायला लागलं. ऑक्टोबरात सगळ्या घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, आपल्या ब्याडगीच्या बाजाराची आठवण येते. हिंदी बऱ्याच जणांना समजते त्यामुळं बाजारहाट अडत नाय.

रिटायर्ड_सुभेदार_उचगाव

ताई, वहिनींनी घरातलं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. मी बिन्नागुडीला होतो, तिथून जयगावचं गेट जवळ, येणारी-जाणारी कुटुंबं कागदावरनं परत फिरलेली पाहिली आहेत.

भूतानात शिरायला आपल्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदान कार्ड लागतं. आधार दाखवून उपयोग नाही. मुलांचा जन्मदाखला लागतो आणि इथंच आपल्या बेळगाव भागातली गोम आहे. जुना हाताने लिहिलेला कन्नड दाखला घेऊन जाऊ नका, तिकडं गेटवर कन्नड कोण वाचणार. कर्नाटक सरकारच्या ई-जन्म पोर्टलवरचा कन्नड-इंग्रजी दाखला काढा आणि त्यातली नावं नीट बघा, कन्नडमधून इंग्रजी करताना आपल्या आडनावांचं काय काय होतं तुम्हाला माहीत आहे, बापाच्या आर्मीच्या कागदात एक आणि पोराच्या दाखल्यात एक. दोन्ही मुलांची नावं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे आर्मीच्या कुटुंबाच्या नोंदीत, चढलीत का हे साहेबांना आजच विचारा, उद्या नको. क्वार्टर, एमआय रूम म्हणजे आर्मीचा दवाखाना, सगळं त्याच्यावर चालतं.

जायचं कसं तर विमानानं बागडोगरा, नाहीतर रेल्वेनं हासीमारा, तिथून जयगाव वीसेक किलोमीटर. गेटच्या कमानीपलीकडं भूतानचं फुंतशोलिंग. एक रात्र तिथं काढा आणि सकाळी लवकर वर निघा, घाट आहे, पावसाळ्यात दरडी येतात. आपली बीआरओ, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणारी संघटना, तिकडं १९६१ पासून रस्ते बांधतेय, दंतक नावानं, त्यांचे बोर्ड आणि कॅन्टीन वाटेत दिसले की हायसं वाटतं. लहान मुलाला ओकाऱ्या होणार हे धरून चला, आंबट गोळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेत वरच ठेवा. चेलेला खिंडीकडून जाऊ नका पहिल्या दिवशी, उगाच फोटोसाठी जवळजवळ ४००० मीटरवर पोरांना कशाला न्यायचं.

निपाणीचा_पाव्हणा

सगळे जावा जावा म्हणतायत म्हणून मी उलटं बोलतो. दोन-अडीच वर्षांसाठी पोरीची शाळा मोडायची, परत आल्यावर परत मोडायची, हे काय बरोबर नाय. आर्मीवाल्यांच्या पोरांना दर दोन वर्षांनी नवा वर्ग, नवे मित्र, बोलून दाखवत नाहीत पण बसतं त्यांना. ह्यांचं पुढचं पोस्टिंग फील्डला, जिथं फॅमिली नेता येत नाय, लागलं की तुम्ही परत बेळगावात येणारच ना? मग एकदाच काय ते ठरवा.

(आणि सासूबाई सोबत येणार असतील तर मिश्रीचा डबा विसरू नका 😄 भूतानात २००४ पासून तंबाखू विकायलाच बंदी होती, २०२१ ला उठवली म्हणे. आमच्या तंबाखूवाल्या निपाणीवर केवढा अन्याय.)

गुरुजी_येळ्ळूर

निपाणीच्या पाव्हण्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण माझं म्हणणं वेगळं आहे. मी शाळेत शिकवतो, मराठी माध्यमात. मुलीला तिकडं जड जाईल ही भीती सोडा. आपल्या भागातलं तिसरीतलं पोर घरी मराठी, शाळेत मराठी आणि कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि वर इंग्रजी असं करतच असतं. भूतानच्या शाळा इंग्रजीतून शिकवतात, जोडीला त्यांची भाषा झोंगखा, तीही ती उचलेल, आईबापांच्या आधी उचलेल.

अडचण येते ती परत आल्यावर, आणि ती कन्नडची. तिसरीत अक्षरओळख नुकती पक्की झालेली असते. दोन वर्षं हात लागला नाही तर सगळं पुसून जातं आणि पाचवीत येऊन बसल्यावर वर्गातली पोरं परिच्छेद वाचत असतात आणि ही क-का-कि करत बसते. अशी दोन-तीन आर्मीची मुलं माझ्याच वर्गात आली होती, हुशार होती, पण कन्नडच्या तासाला मान खाली. तेव्हा तिसरी, चौथी, पाचवीची कन्नड आणि मराठी दोन्ही पुस्तकं सोबत न्या आणि रोज पानभर लिहून घ्या. मराठीचं घरात भागेल, कन्नडचं कोण बघणार ते आत्ताच ठरवा.

दुसरं, वेळ. त्यांचं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं, आपलं जूनच्या तोंडावर. मध्येच उचलून नेलीत तर दोन्हीकडून लटकेल. साहेबांना आधी पुढं जाऊ दे, क्वार्टर ताब्यात घेऊ दे, शाळेचं विचारू दे. तुम्ही जानेवारीअखेर जा. दाखल्यावर "पालकांची बदली" असं कारण लिहून मागा, आर्मीच्या मुव्हमेंट ऑर्डरची झेरॉक्स जोडा, मग ऑफिसला काही विचारायला जागा राहत नाही.

हिंडलग्याची_सून

सगळ्यांचे लई आभार. रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं. पार्ट टू ऑर्डरचं विचारलं तर गप्पच बसले, धाकट्याचं नाव अजून चढलंच नाय 😡 सकाळी पहिलं ते काम लावलंय. गुरुजींचं पटलं, हे पुढं जाणार, आम्ही जानेवारीच्या शेवटी. कन्नडचं, ह्यांच्या युनिटमधले एक धारवाडचे हवालदार पण फॅमिली घेऊन चाललेत, त्यांच्या बायकोला विचारलंय, तिनं आमच्या पोरीला कन्नड बघायचं आणि मी तिच्या पोराला गणित. पाव्हणं, राग नाय हो, पण बाप सुट्टीपुरता दिसतो तेही पोरांना बसतंच की.

वहिनी, ज्वारीचं राहिलं. आणि मिक्सर नेऊ का?

खानापूरची_वहिनी

मिक्सर न्या, करंट आपल्यासारखाच २३० चा, आमच्या क्वार्टरला आपल्या पिना बसत होत्या, तरी एक अडॅप्टर टाका बॅगेत. ज्वारीचं पीठ एकदम दहा किलो नेऊ नका, जुनं झालं की कडू लागतं आणि भाकरी थापताना चिरते. दोन-तीन किलो न्या, मग सुट्टीवरनं येणाऱ्याकडं मागवत राहायचं, मराठा लाइटचा कोण ना कोण येत-जात असतोच. बाकी वेळ तिकडचा लाल भात, चांगला लागतो आमटीसोबत. सासूबाईंना मे महिन्यात बोलवून घ्या, तेव्हा हवा मस्त असते. मतदान कार्ड हाय का त्यांचं ते मात्र आधी बघा, आणि त्याच्यावर नाव कसं लिहिलंय तेही.