मदत हवी आहे: बाभळीवरची बुरशी, आयटीएस (बुरशीची जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा तुकडा) अडलंय

हिप्परगा तलावाजवळ जुन्या बाभळीच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखी टणक बुरशी मिळाली. वरून काळी, भेगाळलेली. कापल्यावर आत गंजासारखी तांबूस. केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब पडताच काळी होते, म्हणजे हायमेनोकीटेसी कुळ धरून चाललोय. सूक्ष्मदर्शकाखाली सहा काप पाहिले. सीटा (गडद काट्यांसारख्या पेशी) नाहीत, क्लॅम्प (तंतूंच्या सांध्यावरचे आकडे) नाहीत. बीजाणू पिवळट तपकिरी, मेल्झरमध्ये (आयोडीनच्या द्रावणात) रंग बदलत नाहीत, त्यामुळे फोमिटिपोरिया वंश बाद, कारण त्याचे बीजाणू त्यात तांबूस होतात. ओळख पटवायच्या जुन्या किल्ल्या (लक्षणांचे तक्ते) लावल्या की सरळ 'फेलिनस' येतं, पण डीएनएनं ते गाठोडं केव्हाच सोडून त्यातले वंश वेगळे केलेत. माझा संशय त्यातल्याच फुल्व्हिफोमस वंशावर आहे.

आयटीएस दोनदा केलं. सुरुवात स्वच्छ, साधारण २०० बेसनंतर (डीएनएच्या अक्षरांनंतर) दुहेरी शिखरं, म्हणजे एकाच जागी दोन अक्षरं. उलट्या प्रायमरनं (दुसऱ्या टोकाकडून वाचन सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यानं) वाचलं तरी तोच घोळ. माल्ट आगर या खाद्यावर बुरशी वाढवायला गेलो तर प्लेटभर ट्रायकोडर्मा ही भलतीच हिरवी बुरशी! (सोलापूरच्या मे महिन्यात नमुना तीन दिवस पिशवीत ठेवला, चूक माझीच.) आता वाळवलेला तुकडा आणि दोनच रिअॅक्शनचे पैसे उरलेत. क्लोनिंगची (मिसळलेल्या डीएनए प्रती वेगळ्या करायची) सोय कॉलेजात नाही.

एलएसयू या दुसऱ्या डीएनए-तुकड्यानं वंश पक्का होईल, पण जातीपर्यंत पोचता येईल का? की दोन्ही रिअॅक्शन टीईएफ१ या जनुकावर लावू? वाळक्या नमुन्यातून ते कुणाला मिळालंय का, आणि कोणत्या प्रायमरनं?