गाडीचा विमा : गोव्यातल्या शाखेतून घ्यावा, की जिथे स्वस्त पडेल तिथून?

म्हापसेकर (धागा सुरू करणारे)

माझ्या बाराशे सीसीच्या, सहा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीच्या विम्याचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. म्हापशात शाखा असलेल्या कंपनीने सांगितलेला प्रीमियम ऑनलाइन मिळालेल्या आकड्यापेक्षा सुमारे अठराशे रुपयांनी जास्त आहे आणि तरीही विमा शाखेतूनच घ्यावा, असे माझे मत आहे.

तुलना करताना थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्यांना झालेल्या हानीच्या भरपाईचा, भाग आधी बाजूला काढावा. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी १ जून २०२२ पासून लागू झालेला दर ३,४१६ रुपये आहे. तो केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे शाखा असो वा मोबाइलवरचे अ‍ॅप, त्यात काहीही कमीजास्त होत नाही. फरक पडतो तो आपल्याच गाडीच्या नुकसानभरपाईच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या भागात. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसले की शाखेने आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ३ लाख ९० हजार धरली आहे आणि ऑनलाइन कंपनीने ३ लाख १० हजार. गाडीला पाच वर्षे झाली की आयडीव्ही ठरलेल्या कोष्टकातून निघत नाही, ती विमेदार आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. म्हणूनच दर आकर्षक दिसावा यासाठी ती खाली ओढणे सोपे जाते. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर भरपाई याच रकमेवर ठरते. अठराशे रुपये वाचवण्यासाठी ऐंशी हजारांवर पाणी सोडायचे, हा हिशेब मला पटत नाही.

फोंडेकर

आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. आयडीव्ही कमी धरली गेली, हा ऑनलाइन विमा घेण्याचा दोष नव्हे. त्याच पानावर ती रक्कम आपल्याला ठरावीक मर्यादेत वाढवता येते. ती ३ लाख ९० हजारांपर्यंत न्या, मग दोन्ही आकडे पाहा.

शाखेचा उपयोग नेमका कोणता, हेही सांगावे. गोव्यातल्या पुष्कळ लोकांचा असा समज आहे की शाखेत ओळखीचा माणूस असला की क्लेम सुटतो. त्या माणसाला पॉलिसीचे एक कलमही बदलता येत नाही. तक्रार लोकपालापर्यंत, म्हणजे विमेदारांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत गेलीच, तर गोव्यासाठीचे विमा लोकपाल कार्यालय पुण्याला आहे. पॉलिसी म्हापशातून घेतली काय किंवा घरबसल्या घेतली काय, अर्ज तिथेच जातो.

लहान नुकसानीत तर दोन्ही कंपन्या सारख्याच निरुपयोगी ठरतात. पार्किंगमध्ये बंपर फुटला आणि नवा बारा हजारांना पडला असे धरू. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) वजा होतो, म्हणजे उरले सहा हजार. त्यातून १,००० रुपयांची सक्तीची वजावट. हाती पाच हजार आले आणि वर्षानुवर्षे जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्यावर आला! अशा वेळी शहाण्या माणसाने खिशातून पैसे द्यावेत. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा वजा न करणारे जादा संरक्षण, घ्या म्हणाल, तर एवढ्या जुन्या गाडीला ते सगळ्या कंपन्या देत नाहीत, आणि ज्या देतात त्या त्याचे चोख पैसे घेतात.

चोडणकर

दर आणि शाखा यांच्या वादात पॉलिसीची कलमे कोणी वाचतच नाही. आमची गाडी रोज फेरीबोटीतून रायबंदरला उतरते. बोटीवर चढवताना दुसऱ्या गाडीने ठोकले, तर विमा चालतो का, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी निघतो. सर्वसमावेशक (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या) पॉलिसीच्या प्रमाणित मसुद्यात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट आणि विमान यांतून वाहतूक होत असताना झालेले नुकसान स्पष्टपणे धरलेले आहे. हे संरक्षण महागड्या पॉलिसीत आहे तसेच स्वस्तातल्याही आहे. खारट हवेने पत्रा गंजला, तर मात्र कोणतीच कंपनी दमडी देणार नाही, कारण ती झीज झाली, अपघात नव्हे.

म्हापसेकर

फोंडेकर, आपण म्हणता तशी आयडीव्ही वाढवून पाहिली. फरक सहाशे-सातशे रुपयांवर आला. तेवढे मी शाखेला आनंदाने देईन आणि त्याचे कारण ओळखीपाळखीचे नाही. ऑनलाइन कंपनीच्या कॅशलेस यादीत माझ्या गाडीचे ज्या गॅरेजमध्ये नेहमी काम होते ते नाही, शाखेच्या यादीत आहे. यादीबाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले, तर आधी सगळे बिल आपण भरायचे आणि मग भरपाईची वाट पाहत बसायचे.

दुसरे कारण पावसाचे. जूनमधल्या एका सरीत पणजीचे रस्ते कसे तुंबतात, ते येथे कोणाला सांगायला नको. पुराचे पाणी आत शिरून आसने आणि वायरिंग बिघडले, तर साधी सर्वसमावेशक पॉलिसी भरपाई देते. पण पाणी शिरलेली गाडी सुरू करायला गेल्यामुळे इंजिन निकामी झाले, तर कंपन्या त्याला परिणामी नुकसान म्हणून नाकारतात आणि त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे पैसे भरावे लागतात. हे मला शाखेतल्या बाईंनी न विचारता सांगितले. अ‍ॅपवर तो एक लहानसा चौकोन होता, खूण न केलेला.

फोंडेकर

खूण न केलेला चौकोन वाचायचे सहाशे रुपये पडत असतील, तर मी स्वतः वाचीन.

कळंगुटकर

आमच्या किनारपट्टीत या सगळ्याहून गंभीर प्रकार सर्रास चालतो. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकांना भाड्याने दिली जाते आणि मालक म्हणतो, विमा आहे ना! खासगी पॉलिसीत भाड्याने वापर मुळीच धरलेला नसतो. अंजुण्याच्या वळणावर पर्यटकाने गाडी झाडावर घातली, तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम तर नाकारला जाईलच, पण कोणी जखमी झाल्यास ती भरपाई मालकाकडून वसूल करायलाही कंपनी मागे लागू शकते. रेंट-अ-कॅबचा, म्हणजे गाडी भाड्याने देण्याचा, रीतसर परवाना आणि काळी पाटी असलेल्या गाडीचा प्रीमियम बराच जास्त असतो. अशा मालकांनी अठराशे की सातशे, ही चर्चा करण्याआधी आपली पॉलिसी कोणत्या वापरासाठी काढली आहे, ते पाहावे.

फोंडेकर

याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. म्हापसेकर, कुठूनही घ्या, पण मुदत संपू देऊ नका. खंड ९० दिवसांपुढे गेला की नो क्लेम बोनस जातो आणि त्याआधीही गाडीची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.