मातेराच्या गुहेतली घरं: माणसं हलवली ते बरोबर होतं का?

घाटवाटसरू
दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात दोन रात्री राहून आलो. दरीच्या काठावर मऊ चुनखडीत कोरलेली घरं, खालच्याचं छप्पर तीच वरच्याची वाट. या वस्तीला सास्सी म्हणतात. १९५२ च्या कायद्यानं इथली सुमारे १५,००० माणसं नव्या वसाहतींत हलवली, रिकाम्या घरांची दारं चिणली. तीच वस्ती १९९३ मध्ये जागतिक वारसा ठरली. मला हा अन्याय वाटतो. घरं दुरुस्त करायची, माणसं का उठवायची?

मीठभाकर
अजिबात पटलं नाही. एका खोलीत आईबाप, पोरं, खेचर आणि डुक्कर. उजेड फक्त दारातून यायचा. सांडपाण्याची सोय नाही, मलेरिया घरोघरी, तान्ही मुलं दगावायची. इटालियन लेखक कार्लो लेव्हीच्या १९४५ च्या पुस्तकात त्याची डॉक्टर बहीण सांगते, की इथली पोरं तिच्याकडे पैसे नाही, क्विनाइन म्हणजे मलेरियावरचं औषध मागत होती. तुम्ही राहिलात त्या खोलीत गरम पाणी होतं ना? इथल्या बायांना ते मिळालं नव्या वसाहतीत गेल्यावरच.

दगडफूल
गरम पाण्याचं खरं आहे. पण ही जागा मुळात नरक नव्हती. पावसाचं पाणी खडकातल्या टाक्यांत साठवायची तिथली पद्धत शेकडो वर्षांची. मुख्य चौकाखालचं पालोंबारो लुंगो हे टाकं आत उतरून पाहिलं की थक्क व्हायला होतं. लोकसंख्या वाढली तशी टाकी आणि गोठेही राहायला घेतले, तिथून सगळं बिघडलं. दोष दाटीचा होता, गुहांचा नव्हे. आणि 'विचिनातो' गेला, त्याचं काय? आठ-दहा घरांचं सामाईक अंगण, त्यातच पोरं वाढायची.

मीठभाकर
दाटी कमी करायची म्हणजे कुणाला तरी हलवायचंच ना? शिवाय ला मार्तेल्ला ही वसाहत आखताना वास्तुविशारदांनी शेजार जपायचा प्रयत्न केला, घराला लागून गोठेही दिले.

घाटवाटसरू
दाटीचा मुद्दा मान्य, काही कुटुंबं हलवायलाच हवी होती. पण दारं चिणून गाव तीसेक वर्षं पडू दिलं, हे नाही मान्य. दुरुस्तीचा कायदा आला थेट १९८६ मध्ये. तोवर त्या अंगणात वाढलेली पोरं चाळिशीला टेकली होती. आज त्याच खोल्यांत माझ्यासारखे पाहुणे उतरतात. दुरुस्त झालेली घरं आधी त्यांना विचारून द्यायला हवी होती.